गाडी कुणाचीही असो, फेरी तुमचीच

ताई, नमस्कार.

अमेरिकेत येऊन आम्हाला बावीस वर्षं झाली. चार वर्षांपूर्वी मी आणि माझ्या यजमानांनी एक छोटं मेमरी केअर होम सुरू केलं. स्मृतिभ्रंश झालेले चौदा आजी-आजोबा आमच्याकडे राहतात. लिफ्ट बसवलेली एक व्हॅन आहे. ती यजमानांच्या नावावर आहे, कारण घेतली तेव्हा आमची एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) व्हायची होती. मागच्या महिन्यात व्हॅन गॅरेजमध्ये होती आणि एका आजींची दातांच्या डॉक्टरांकडची वेळ चुकवता येत नव्हती, म्हणून आमची एक केअरगिव्हर त्यांना स्वतःच्या गाडीतून घेऊन गेली. परतताना सिग्नलला मागून कुणीतरी हलकंसं धडकलं. बंपर चेपला, बाकी काही नाही. पण मला रात्रभर झोप लागली नाही. एजंटला विचारलं तर तो म्हणाला, ‘जनरल लायबिलिटी आहे, प्रोफेशनल आहे, व्हॅनचा ऑटो आहे, मग काळजी कसली?’ यजमान म्हणतात, मर्यादा वाढवून एक मिलियन डॉलर करू, विषय संपला. मला मात्र आपण नेमकं काय विकत घेतलंय तेच कळत नाही. आम्ही काय करावं?

— एक वाचक

प्रिय वाचक,

विम्याकडे नंतर येते. आधी आजींकडे येऊ.

धडक हलकी होती, मान्य. पण उतारवयात मेंदू थोडा आकसलेला असतो, त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, आणि पुष्कळ जणांना रक्त पातळ करणारी गोळी चालू असते. अशा माणसाला साध्या हिसक्यानंतरही कवटीच्या आत सावकाश रक्त साठू शकतं, आणि त्याची लक्षणं कधीकधी काही आठवड्यांनी दिसतात. जास्त झोप, अडखळती चाल, वाढलेला गोंधळ. म्हणजे ‘आजार पुढे सरकला’ म्हणून आपण ज्याच्याकडे काणाडोळा करतो नेमकं तेच. आजी काही ‘माझं डोकं दुखतंय गं’ असं सांगायला येणार नाहीत. तेव्हा आजच डॉक्टरांच्या कानावर घाला. मुला-मुलींना अजून सांगितलं नसेल तर तेही आजच. तुमच्या राज्याच्या परवान्याच्या नियमांत अशी घटना कळवायची अट आहे का, तेही बघा. नर्सिंग होमसारखी केंद्राची एकच नियमावली मेमरी केअरला नाही, परवाना राज्याचा असतो आणि कळवण्याची मुदतही राज्यच ठरवतं. केअरगिव्हरने तिच्या विमा कंपनीला कळवलंय ना, हेही विचारा, आणि तुमच्या कंपनीला तुम्ही दोन ओळी लिहून टाका. ‘काही झालंच नाही’ म्हणून न कळवलेली घटना सहा महिन्यांनी वकिलाच्या पत्रातून परत येते, तेव्हा कंपनीचा पहिला प्रश्न असतो, की आम्हाला आत्ता का सांगताय?

आता तुमची झोप. ती उडाली हे बरंच झालं, कारण तुमच्या एजंटने सांगितलेल्या तिन्ही पॉलिसी (जनरल लायबिलिटी म्हणजे दुसऱ्याला झालेल्या इजेची सर्वसाधारण जबाबदारी, प्रोफेशनल म्हणजे देखभालीतल्या चुकीची, ऑटो म्हणजे वाहनाची) खऱ्या असूनही त्या दुपारच्या फेरीला त्यातली एकही लागू झाली नसती, अशी दाट शक्यता आहे. मी सत्तावीस वर्षं क्लेमच्या टेबलावर काढली. वृद्धांच्या निवासांची जी प्रकरणं माझ्याकडे आली, त्यांत पैसे कमी पडले म्हणून बुडालेले थोडे होते. चुकीच्या गाडीवर किंवा चुकीच्या नावावर विमा घेतला म्हणून बुडालेले जास्त. म्हणून यजमानांच्या एक मिलियनला जरा थांबायला सांगा. किती रकमेचा विमा हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न, कोणत्या गाडीचा.

व्यवसायाच्या ऑटो पॉलिसीचं पहिलं पान काढा, डिक्लेरेशन्सचं. त्यात ‘लायबिलिटी’ या शब्दासमोर एक-दोन छोटे आकडे छापलेले असतात. लोक ते पान नंबर समजून पुढे जातात. सगळी मेख तिथेच आहे. अमेरिकेत बहुतेक कंपन्या एकाच धर्तीचा बिझनेस ऑटो फॉर्म वापरतात, आणि त्यात कोणती गाडी विम्याखाली येते हे या आकड्यांनी ठरतं. १ म्हणजे कोणतीही गाडी. ७ म्हणजे यादीत नाव, मॉडेल, नंबर लिहिलेली तेवढीच गाडी. ८ म्हणजे तुम्ही भाड्याने किंवा उसनी घेतलेली. ९ म्हणजे जी तुमची नाही, तुम्ही भाड्यानेही घेतलेली नाही, पण तुमच्या कामासाठी धावते आहे अशी. कर्मचाऱ्याची स्वतःची गाडी या ९ मध्ये बसते.

छोट्या संस्थांच्या पॉलिसीवर मला बहुधा एकटा ७ दिसायचा. स्वस्त पडतो. तुमच्या पानावर तो एकटाच असेल, तर केअरगिव्हरची गाडी तुमच्या विमा कंपनीच्या लेखी अस्तित्वातच नाही.

समजा, मागचा माणूस तिच्यावर आदळण्याऐवजी तीच कुणावर आदळली असती आणि आजींचं खुब्याचं हाड मोडलं असतं. सर्वांत आधी केअरगिव्हरचा खासगी विमा पुढे येतो. तो किती असतो? पुष्कळ जण राज्याने सांगितलेली किमान रक्कमच घेतात. कॅलिफोर्नियाचं उदाहरण देते: २०२४ अखेरपर्यंत तिथली किमान मर्यादा एका जखमी माणसामागे १५,००० डॉलर होती. १ जानेवारी २०२५ पासून ती ३०,००० झाली. खुब्याची शस्त्रक्रिया, इस्पितळ, नंतर महिनोन्महिने फिजिओथेरपी, यापुढे तीस हजार म्हणजे दर्या में खसखस. रक्कम संपली की वकील तुमच्याकडे वळणार, कारण ती कर्मचारी तुमची, काम तुमचं, पाठवलं तुम्ही. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या चुकीला मालक जबाबदार, हे तत्त्व सगळीकडे चालतं. शिवाय ‘हिचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड तपासलं होतं का?’ हा वेगळा आरोप येतो तो वेगळाच. गाडी कुणाच्या नावावर आहे याने यात काही फरक पडत नाही. फेरी तुमची होती.

म्हणून ८ आणि ९ हे दोन्ही आकडे लायबिलिटीसमोर असलेच पाहिजेत. १ मिळाला तर उत्तमच. तुमच्या एजंटला ‘हायर्ड अँड नॉन-ओन्ड’ एवढं म्हटलं की कळेल. एकाच व्हॅनच्या संस्थेला याचा हप्ता बहुधा व्हॅनच्या हप्त्याच्या मानाने बराच कमी असतो, म्हणून तर तो न घेतल्याचं मला फार वाईट वाटतं.

यात एक गोष्ट केअरगिव्हरच्या बाजूची आहे आणि ती तिला कुणी सांगत नाही. ९ आकडा तुमच्या संस्थेला वाचवतो. तिला नाही. फॉर्मच्या व्याख्येत स्वतःच्या गाडीत बसलेली कर्मचारी ‘विमाधारक’ धरलेली नसते. म्हणजे तुमची कंपनी तुमचा बचाव करेल आणि ती बिचारी तिच्या तीस हजारांवर उभी राहील. हे बुजवायला ‘एम्प्लॉईज अ‍ॅज इन्शुअर्ड्स’ नावाची पुरवणी मिळते. तासावर राबणाऱ्या मुलीला आपण ‘जरा तुझी गाडी घेऊन जा ना’ म्हणणार असू, तर तेवढं तिच्यासाठी करणं मला गरजेचं वाटतं. नाहीतर तिची गाडी मागूच नका.

आणि सेवाभावी मंडळी? रविवारी येऊन दोन आजोबांना बागेत नेणारे स्वयंसेवक कर्मचारी नसतात. त्यांच्यासाठी वेगळी पुरवणी आहे. एखाद्या आजींच्या मुलीची गाडी तुमच्या माणसाने उसनी घेतली, तर ती ९ मध्ये येत नाही, ८ मध्ये येते. हे आकड्यांचं राजकारण तुम्ही पाठ करावं असं माझं म्हणणं नाही. दोन्ही आकडे ठेवा, म्हणजे पाठ करायची वेळ येणार नाही.

आता व्हॅन यजमानांच्या नावावर आहे ती भानगड. एलएलसीच्या नावाने विमा असेल आणि गाडी सभासदाच्या, म्हणजे यजमानांच्या, नावावर, तर विमा कंपनीच्या दृष्टीने तुमची स्वतःची व्हॅन ‘नॉन-ओन्ड’ ठरते! आणि मालक म्हणून यजमान पुन्हा त्याच व्याख्येबाहेर राहतात, केअरगिव्हरसारखेच. उलट विमा यजमानांच्या नावाचा खासगी असेल, तर चौदा रहिवाशांची ने-आण करणारी लिफ्टची व्हॅन पाहून ती कंपनी हात झटकायला मोकळी. कोणत्याही बाजूने हे गणित सुटत नाही. व्हॅन एलएलसीच्या नावावर करा. कर्ज फिटलेलं नसेल तर आधी कर्ज देणाऱ्याची संमती लागेल. आणि जुना विमा नवा सुरू झाल्याशिवाय एक दिवसही बंद करू नका. नव्या विम्यात लिफ्टचा स्वतंत्र उल्लेख करून घ्या, नंतर बसवलेली सामग्री लिहिली नसेल तर नुकसानीच्या वेळी तिची किंमत धरण्यावरून हुज्जत होते.

आता मी जिथे सगळ्यात जास्त रेंगाळणार आहे त्या जागेवर येते. गाडीचं दार.

रस्त्यावरचा अपघात हा विम्याच्या दृष्टीने सोपा प्रकार. गाडी, धडक, पोलिसांचा अहवाल. तुमच्या धंद्यातले अवघड प्रसंग गाडी उभी असताना घडतात. मला आठवतंय, एका निवासातले आजोबा व्हीलचेअरसकट लिफ्टवरून उतरत होते. लिफ्ट जमिनीपासून वीतभर वर थांबली, आजोबांना वाटलं आलं घर, आणि ते उठून चालायला लागले. मनगट आणि खुबा. चूक कुणाची, हे कुणी विचारलंच नाही. वर्षभर भांडण चाललं ते एवढंच, की हा क्लेम कुणाचा. जनरल लायबिलिटीवाले म्हणाले, वाहनाच्या वापरातून झालेली इजा आमच्याकडे वगळलेली आहे. ऑटोवाले म्हणाले, गाडी तर उभी होती, हा देखभालीतला हलगर्जीपणा, तुमच्या प्रोफेशनलकडे जा. प्रोफेशनलवाल्यांनी त्यांच्या पॉलिसीतलं वाहनांचं कलम दाखवलं. तिघांनी तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही पत्रं वाचायला सुसंगत वाटत होती. मी त्या तिघांपैकीच एका बाजूला बसलेली होते, त्यामुळे कौतुकाने सांगत नाही.

हे कसं होतं ते समजून घ्या. जनरल लायबिलिटीच्या प्रचलित फॉर्ममध्ये तुमच्या मालकीच्या किंवा तुम्ही चालवत असलेल्या वाहनाच्या वापरातून झालेली इजा वगळलेली असते. ‘आम्ही नीट लक्ष दिलं नाही, नेमणूक चुकली’ असा आरोप असला तरीही. तिथे ‘वापर’ या शब्दात चढवणं-उतरवणं येतं, पण गंमत अशी, की चढवण्या-उतरवण्याची व्याख्या केली आहे ती मालासाठी. खोकी, सामान. माणसांसाठी नाही. मग आजोबांचं उतरणं हा वाहनाचा वापर की देखभालीचं काम, यावर वेगवेगळ्या राज्यांतली न्यायालयं वेगवेगळं बोलली आहेत. त्यात काही ऑटो पॉलिसींना ‘प्रोफेशनल सर्व्हिसेस नॉट कव्हर्ड’ अशी पुरवणी जोडलेली असते. ती तुमच्या पॉलिसीला असेल आणि प्रोफेशनलमध्ये वाहन वगळलेलं असेल, तर मधल्या फटीत आजोबांसकट तुम्ही.

यावरचा माझा उपाय साधा आहे. तिन्ही पॉलिसी शक्यतो एकाच कंपनीकडे ठेवा. मग भांडण झालंच तर ते त्यांच्या घरातलं. तसं जमत नसेल तर एजंटला मेल करा आणि चार प्रसंग लिहून प्रत्येकापुढे विचारा, ‘यात कोणती पॉलिसी पैसे देईल आणि कोणत्या कलमाखाली?’ पहिला, लिफ्टवरून पडणं. दुसरा, दवाखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीतून उतरल्यावर आजी निघून जाणं. तिसरा, फेरीवरून आल्यावर कुणीतरी मागच्या सीटवर राहून जाणं. चौथा, चालत्या गाडीत पट्टा स्वतः सोडून उभं राहणं. फोनवर ‘हो हो, कव्हर्ड आहे’ असं मिळालेलं उत्तर उत्तर धरू नका. लेखी मागा. मेलवर लिहायला लागलं की एजंट अंडररायटरला, म्हणजे विमा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला, विचारतो. फोनवर तो स्वतःला विचारतो.

हे चार प्रसंग मी उगाच निवडलेले नाहीत. स्मृतिभ्रंश झालेल्या दर दहा जणांपैकी सहा जण केव्हा ना केव्हा भरकटतात, असं अल्झायमर्स असोसिएशन सांगते, आणि गाडीचं उघडं दार आणि अनोळखी पार्किंग ही भरकटायला आयती संधी. बंद उभी गाडी पहिल्या दहा मिनिटांतच जवळपास वीस अंश फॅरनहाइटने तापते. तान्ह्या बाळाची आई निदान रडणं ऐकते, आजोबा शांतपणे बसून राहतात. म्हणून गाडी लावल्यावर चालकाने शेवटच्या सीटपर्यंत चालत जायचं, प्रत्येक जागेवर हात ठेवायचा आणि मग कागदावर सही करायची. सही गाडीच्या मागच्या भागात टांगलेल्या कागदावर ठेवा, पुढे नको. पुढे ठेवली की लोक मागे न जाताच सही करतात, मनुष्यस्वभाव आहे.

चालकाव्यतिरिक्त एक माणूस मागे हवाच. पट्टा सोडणाऱ्या आजोबांना आरशात बघून ‘बसा हो, बसा’ म्हणणारा चालक रस्त्याकडे बघत नसतो. मागच्या दाराला चाइल्ड लॉक लावा. डॉक्टरांच्या वेळा शक्यतो सकाळच्या घ्या, दिवस कलू लागला की अनेकांचा गोंधळ आणि बेचैनी वाढते, हे मी तुम्हाला काय सांगू.

व्हीलचेअरबद्दल एकच, पण ते नीट ऐका. खुर्ची चार पट्ट्यांनी जमिनीला बांधायची असते, आणि माणसाला कमरेचा आणि खांद्याचा पट्टा वेगळा. खुर्चीचाच तो छोटा पट्टा, बसताना घसरू नये म्हणून असलेला, अपघातात कामाचा नाही. साध्या घडीच्या खुर्च्या धडकेसाठी बनवलेल्या नसतात. ज्या खुर्च्या डब्ल्यूसी १९ या मानकाप्रमाणे असतात त्यांची ताशी ३० मैलांच्या समोरासमोरच्या धडकेसाठी चाचणी झालेली असते आणि पट्टे अडकवायच्या चार जागा त्यांच्यावर खुणेने दाखवलेल्या असतात. ज्यांना शक्य आहे त्यांना गाडीच्या सीटवर बसवा आणि खुर्ची बांधून ठेवा. क्लेम आल्यावर तज्ज्ञ पहिल्यांदा फोटो मागतो तो पट्ट्यांचाच.

एक गोष्ट वकील लोक चांगलीच जाणतात. ‘एखाद्या धडधाकट माणसाला एवढ्याने काही झालं नसतं’ हा बचाव अमेरिकेत चालत नाही. समोरचा जसा आहे तसा स्वीकारायचा, त्याची हाडं ठिसूळ असतील तर भरपाई ठिसूळ हाडांची. विस्कॉन्सिनमधल्या १८९१ च्या एका खटल्यात शाळकरी मुलाने दुसऱ्याच्या नडगीला हलकी लाथ मारली, आणि आधीच दुखावलेला तो पाय निकामी झाला, तेव्हा न्यायालयाने हेच म्हटलं होतं. तुमचे चौदाच्या चौदा रहिवासी त्या नडगीसारखे आहेत. आणि त्यांच्यापैकी कुणीही साक्ष देऊ शकत नाही. ‘आजींनी स्वतःच पट्टा काढला’ हे तुम्ही म्हणणार, आजींना ते आठवणार नाही, आणि ज्युरी आजींकडे बघणार. म्हणून गाडीत आतलं-बाहेरचं दोन्ही टिपणारा डॅशकॅम बसवा. आवाज टिपायचा असेल तर राज्याचा संमतीचा नियम बघून, आणि कुटुंबांना प्रवेशाच्या वेळीच सांगून. घटना घडली की ते चित्रण त्याच दिवशी बाजूला काढून ठेवा, नाहीतर कॅमेरा स्वतःच त्यावर नवं चढवतो.

आता यजमानांचं एक मिलियन. चुकीचं नाही ते. एकत्रित एक मिलियनची मर्यादा हा अशा संस्थांसाठी रुळलेला आकडा आहे, आणि प्रचलित फॉर्ममध्ये वकिलांचा खर्च त्या रकमेच्या वर वेगळा दिला जातो, ही त्यातली चांगली गोष्ट. पण एका व्हॅनमध्ये सहा आजी-आजोबा असतील तर एक मिलियनला सहाने भागा. म्हणून वर अंब्रेला, म्हणजे खालच्या पॉलिसीची रक्कम संपल्यावर उघडणारी जादा पॉलिसी, घ्या, आणि अंब्रेलाच्या यादीत खाली ऑटो पॉलिसीचं नाव आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. मी अशा अंब्रेला पाहिल्या आहेत ज्या जनरल लायबिलिटीवर उघडलेल्या होत्या आणि ऑटोवर नव्हत्या. पाऊस नेमका त्या बाजूने आला.

तुमच्या प्रसंगात तर चूक मागच्याची होती. मग त्याचा विमा पैसे देणार. त्याच्याकडे नसेल तर? सक्तीचा वाहन विमा या देशात मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून आणला, तरी न्यू हॅम्पशायरमध्ये सर्वसाधारण चालकावर आजही सक्ती नाही, आणि फ्लोरिडात दुसऱ्याच्या शारीरिक इजेचा विमा बहुतेकांना सक्तीचा नाही. विमा नसलेल्याने धडक दिली तर आपल्या गाडीतल्यांना भरपाई देणारा भाग म्हणजे अनइन्शुअर्ड आणि अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट. तो किमान रकमेवर ठेवून लोक चार पैसे वाचवतात. तुम्ही वाचवू नका, तुमचे प्रवासी दर फेरीला दुसऱ्याच्या चुकीच्या वाटेत असतात. हा भाग बहुधा तुमच्या मालकीच्या गाड्यांपुरताच असतो, म्हणजे केअरगिव्हरच्या गाडीतल्या आजींना तिच्याच पॉलिसीचा आधार. तिची गाडी शक्य तोवर वापरू नये याचं हे आणखी एक कारण. केअरगिव्हरला स्वतःला लागलं असतं तर ते वर्कर्स कॉम्पकडे (कामावर झालेल्या इजेसाठीचा कर्मचाऱ्यांचा विमा) गेलं असतं, ऑटोकडे नाही.

मेडिकेअरचंही (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) ध्यानात ठेवा, कारण तुमचे बहुतेक रहिवासी पासष्टीपुढचे. वाहन अपघातात मेडिकेअर दुय्यम असतं, आधी ऑटो विमा. विम्याचे पैसे यायला वेळ लागतो म्हणून मेडिकेअर आधी बिलं भरतं आणि तडजोड झाली की ते पैसे परत मागतं. १९८० पासूनचा नियम आहे. त्यामुळे ‘दहा हजार घ्या आणि मिटवा’ असं परस्पर कुणाही कुटुंबाशी ठरवू नका, मग ते कितीही जवळचे असोत. मिटवायचं काम विमा कंपनीचं. तुम्ही चौकशी करा, इस्पितळात जा, पण ‘आमचं चुकलं’ असं लिहून देऊ नका आणि पैशाचं बोलू नका. माणुसकी आणि कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरून माणुसकीही दाखवत नाहीत अशा संस्थांमधल्या रहिवाशांची कुटुंबं मात्र हमखास वकील गाठतात.

फेरीचे वेगळे पैसे घेता का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. महिन्याच्या रकमेत ने-आण धरलेली असेल तर ठीक. दर फेरीला भाडं लावायला लागलात तर काही पॉलिसी तुम्हाला भाडोत्री वाहतूकदार समजू शकतात. त्यात राज्याची हद्द ओलांडलीत तर केंद्राच्या नियमाने भाड्याच्या वाहतुकीसाठी चालकासह पंधरापर्यंत आसनांच्या वाहनाला १५ लाख डॉलरची आणि सोळा किंवा अधिक आसनांच्या वाहनाला ५० लाख डॉलरची हमी लागते. सोळा आसनांपासून चालकाला व्यावसायिक परवानाही लागतो. तो टाळायला लोक पंधरा आसनी लांब व्हॅन घेतात. त्या नका घेऊ. राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा संस्थेने २००१ मध्येच बजावलं होतं, की दहा किंवा अधिक माणसं भरली की या व्हॅन उलटण्याचा धोका जवळजवळ तिपटीवर जातो. अनेक विमा कंपन्या तर नुसतं नाव ऐकून हप्ता वाढवतात.

व्हॅन पुन्हा कधी गॅरेजमध्ये जाईल तेव्हा काय? जवळच्या एखाद्या व्हीलचेअर वाहतूक कंपनीशी आधीच करार करून ठेवा. त्यांच्या विम्याचं प्रमाणपत्र मिळालं म्हणजे काम झालं असं नाही. त्या कागदावरच छापलेलं असतं, की हा फक्त माहितीसाठी आहे, याने कोणताही हक्क मिळत नाही. तुम्हाला त्यांच्या पॉलिसीवर ‘अ‍ॅडिशनल इन्शुअर्ड’ म्हणून घ्यायला, म्हणजे त्यांच्या विम्याचं संरक्षण तुम्हालाही द्यायला, सांगा आणि त्या पुरवणीची प्रत मागा. आणि मोबाइलवरून बोलावलेल्या टॅक्सीत आजींना एकटं बसवून पाठवणं डोक्यातही आणू नका. त्या चालकाचा विमा धडकेपुरता. चुकीच्या दारात उतरवलं आणि आजी हरवल्या, तर ती जबाबदारी त्याच्या विम्याची नाही, तुमची.

शेवटचं तुमच्या एजंटबद्दल. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, बहुधा तो घरांचे आणि दुकानांचे विमे करणारा भला गृहस्थ असेल. पण वृद्धनिवासांचा धंदा करणारा ब्रोकर वेगळा असतो. अर्ज भरताना ‘रहिवाशांची ने-आण करता का? कर्मचारी स्वतःच्या गाड्या वापरतात का?’ असे प्रश्न येतात आणि घाईत कुणीतरी ‘नाही’ वर खूण करतं. जुना अर्ज मागवून बघा. तिथे ‘नाही’ असेल तर आधी ते दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर. खोट्या माहितीवर दिलेली पॉलिसी कंपनी क्लेमच्या दिवशी रद्द करू बघते. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड नेमणुकीच्या वेळी आणि मग दर वर्षी काढा, आणि खासगी गाडी वापरणाऱ्यांच्या विम्याच्या पानाची प्रत फायलीत ठेवा.

एक प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, तो मीच विचारते. तुमच्या आवारात एखाद्या आजोबांची स्वतःची गाडी उभी आहे का? मुलांना विकवत नाही म्हणून ठेवलेली, किल्ली आजोबांच्या कपाटात? असेल तर ती किल्ली आज संध्याकाळपर्यंत मुलांच्या हातात द्या.

पॉलिसीचं पहिलं पान काढलंत की लायबिलिटीसमोर कोणते आकडे आहेत ते मला कळवा. आणि आजींची तपासणी कशी झाली तेही.

तुमची,
ताई